जर्मन क्रॉस

गेल्या मे महिन्यात मी एक खोटं बोलले. तशी रोजच बोलते थोडंफार. भाजीवाल्याशी, वर्गातल्या पोरांशी, फोनवर नात्यातल्यांशी. ती खोटी संध्याकाळपर्यंत विरून जातात. हे मात्र लिहिलं गेलं. निळ्या शाईत, पिवळ्या पुठ्ठ्याच्या कार्डावर, शिक्क्यासकट. आणि ते कार्ड फ्रिजला चुंबकाखाली लावलेलं असल्यामुळे दूध काढताना रोज समोर येतं.

गुरांचा दवाखाना. सकाळचे अकरा, म्हणजे जळगावच्या मे महिन्यातली दुपारच. पत्र्याखाली दोन बाकडी, बाहेर कडुनिंबाला बांधलेली एक म्हैस, फिनेल आणि शेण मिळून होतो तो वास. माझ्या मांडीवर भाजीची कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेलं एक डोकं. खिडकीतला कंपाउंडर एकेकाचं कार्ड भरत होता. मालकाचं नाव, पत्ता, जनावर, नर की मादी, रंग, जात. माझ्या पुढे विशीतला एक मुलगा होता, केळीच्या व्यापाऱ्याचा, सोबत हस्की. त्याने ‘सायबेरियन हस्की’ हे शब्द असे म्हटले की दोन्ही बाकड्यांवर पोचावेत. त्याच्यामागचे काका लॅब्राडोरवाले. ते नुसतं ‘लॅब’ म्हणाले, घरातल्या पोराचं टोपणनाव घ्यावं तसं. मग माझा नंबर. “जात?” कंपाउंडरने मान वर न करता विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “क्रॉस आहे. जर्मन क्रॉस.” आता त्याने मान वर केली. पिशवीतल्या डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं: ज. शे. क्रॉस. म्हणजे जर्मन शेफर्डचा संकर.

गावठी म्हटलं असतं तर त्याने गावठी लिहिलं असतं आणि पुढचा नंबर पुकारला असता.

खरी हकीकत अशी, की ती आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडमागे जन्मली. पाच पिल्लं होती. पोरं येऊन उचलून उलटी करून बघायची, ‘नर आहे का’ एवढंच बघायची, आणि न्यायची. चार नर गेले. ही राहिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आई कुठेतरी गाडीखाली सापडली, आणि हिने दोन दिवस स्टँडच्या पत्र्याखालून जे काही रडणं लावलं, ते स्टाफरूमपर्यंत ऐकू यायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी तिला डब्यातली भाकरी कुस्करून घातली आणि चौथ्या दिवशी पिशवीत घालून घरी आणली. रंग थेट कळण्याच्या भाकरीसारखा. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळल्यावर पिठाला जो करडा, काळे ठिपके असलेला रंग येतो, तो. म्हणून कळणी. तोंड काळपट, डावा कान उभा, उजवा मोडलेला. त्या उभ्या कानाचा आधार सोडला तर माझ्या खोट्याला दुसरा पुरावा नाही.

मेहरुण तलावाच्या कडेने सकाळी हिला फिरवायला लागल्यावर कळलं, की कुत्रं सोबत असलेल्या माणसाला कुणीही थांबवून काहीही विचारू शकतं. आणि प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. पहिला, कोणत्या जातीची. दुसरा, “कितलाले लिन्ही?” तिसरा, “चावस का?” चौथा, खाते काय आणि किती. चारही प्रश्न म्हशीच्या बाजारातले आहेत. तिथे तिसऱ्याऐवजी ‘लाथ मारते का’ विचारतात, इतकाच फरक. फुकट आणली म्हटलं की माणसं माझ्याकडे थोडं कीव आल्यासारखं बघतात. जणू मला विकत घेणं झेपलं नाही. तिचं नाव काय, हे फक्त लहान मुलं विचारतात.

त्या दिवशी डॉक्टरांनी हस्कीला आत घेतलं तेव्हा दार उघडंच होतं. मुलगा विचारत होता, “सर, उन्हाळ्यापुरते याचे केस पूर्ण उतरवून टाकू का?” डॉक्टर नाही म्हणाले. दुहेरी अंगरखा असतो त्याचा, वर राठ केस, आत लोकर. थंडी अडवतो तोच अंगरखा ऊनही अडवतो. भादरला तर कातडीच भाजेल. आतली सुटलेली लोकर विंचरून काढायची, तेवढं पुरे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, येतो तो तळपायाला, तोही नावापुरता. उन्हाळ्यात बरीचशी उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर. म्हणून फिरवायचं ते उजाडायच्या आत. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघायची, पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्यालाही घरात ठेवायचं. मुलगा म्हणाला, “एसीतच असतो सर तो दिवसभर.” डॉक्टरांनी विचारलं, “आणि लाइट गेली की?” त्यावर मुलाने खाली हस्कीकडे पाहिलं. त्या निळ्या डोळ्यांच्या, देखण्या, सायबेरियात चुकची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढायला पिढ्यान्पिढ्या घडवलेल्या जनावराची जीभ फरशीला टेकत होती. छताचा पंखा कटकट करत गरम हवा ढवळत होता. मला मुलाचा राग येईना. त्याने ज्या हळुवारपणे ओला पंचा त्या कुत्र्याच्या पोटाखाली सरकवला, तसा हळुवारपणा मी फार कमी मुलांमध्ये पाहिला आहे.

लॅबवाल्या काकांचं गाऱ्हाणं वेगळं. याचं पोटच भरत नाही. वजनकाट्यावर ४१ किलो. डॉक्टर म्हणाले, काका, अर्धा दोष तुमचा, अर्धा त्याच्या रक्ताचा. चार-पाच लॅबमागे एकाच्या अंगात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप डोक्याला नीट पोचत नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ साली हे शोधून काढलं. काकांना ‘रक्ताचा’ हा शब्द पटला. बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंदच दिसला. लाडूंचं पाप त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर कार्ड फ्रिजला लावलं आणि रात्री जागून मी ‘जर्मन शेफर्ड’ वाचत बसले. खोटं बोललोच आहोत तर निदान कशाबद्दल बोललो ते तरी माहीत असावं.

तर १८९९ साली कार्ल्सरुहच्या एका प्रदर्शनात माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या माजी अधिकाऱ्याला एक मेंढपाळी कुत्रा दिसला. त्याने तो जागीच विकत घेतला आणि पहिली गोष्ट काय केली, तर त्याचं नाव बदललं. हेक्टर लिंक्सऱ्हाइनचा होरांड फॉन ग्राफराथ झाला. वहीत पहिल्या नंबरला त्याची नोंद झाली आणि जात सुरू झाली. त्याच्या आदल्या दिवशीही तो तोच कुत्रा होता, तशाच मेंढ्या वळणारा, पण त्याला जात नव्हती. पुढे पहिलं महायुद्ध झालं, इंग्रजांना जर्मन शब्द घरात नकोसा झाला आणि त्यांनी या कुत्र्याला ‘अल्सेशियन’ करून टाकलं, जर्मनी आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतावरून. इंग्लंडच्या केनेल क्लबने मूळ नाव परत दिलं ते १९७७ मध्ये. आमच्या भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांमधली जुनी माणसं अजून ‘अल्सेशन’च म्हणतात. माणसांची भांडणं, आणि आडनाव कुत्र्याचं बदललं.

आडनावांचा हा घोळ तिथेच संपत नाही. लॅब्राडोर मुळात लॅब्राडोरचा नाहीच, त्याचे पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे. जाळी ओढायचे, सुटलेली मासळी पाण्यातून आणायचे, म्हणून अजून बोटांत पडदे आणि शेपूट पाणमांजरासारखं. आणि भुसावळच्या माझ्या आत्याकडे जो पांढरा, कर्कश, पाहुण्यांच्या पायजम्याला लटकणारा ‘पॉमेरियन’ होता, ज्याच्यावर तिने क्वार्टरभर मिरवलं, तो पॉमेरेनियन नसावाच. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा, मुठीत मावेल असा. आत्याचा सहज सहा-सात किलोंचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली जे पांढरे ‘पॉमेरियन’ दिसायचे त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ. आत्या आता नाही, तोही नाही. सांगायचं कुणाला, आणि सांगून तरी काय.

आता मुद्द्यावर यायलाच हवं. मी पाटील आहे.

खानदेशाबाहेरच्या माणसाला वाटेल, मग? खानदेशातल्या माणसाला वाटणार नाही. आमच्याकडे पाटील म्हटल्यावर प्रश्न संपत नाही, तिथून सुरू होतो. कोणते पाटील? इथे पाटील इतक्या जातींत आहेत की आडनाव सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. मग गाव विचारतात. गावावरून नाही कळलं तर मामाचं गाव. मग सोयरे कुठले, कुळ कोणतं, लग्नात अमुक करतात का तमुक. एसटीत शेजारी बसलेली बाई जळगाव ते एरंडोल एवढ्या अंतरात ही वाट पार करते, गोड बोलून, मध्येच एक पेरू हातात देऊन. मला ते लहानपणापासून पाठ आहे. पुण्यात शिकायला गेले तेव्हा खोली बघताना घरमालकीणबाईंनी ‘पाटील? वा, म्हणजे कोणत्या बाजूचे?’ म्हणून विचारलं. बाजू म्हणजे दिशा नव्हे, हे दोघींनाही माहीत होतं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. खोली मिळाली.

म्हणूनच ते कार्ड टोचतं. इतकी वर्षं तो प्रश्न ओळखीचा असून, त्याची चीड असून, चार महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत तो समोर आला तेव्हा मी काय केलं? रांगेतल्या दोन जातवंतांकडे पाहिलं आणि हिच्यासाठी एक बरं आडनाव उचललं. मराठीत ‘जात’ हा एकच शब्द आहे दोन्हीला, असं म्हणून सुटता येत नाही. ‘ब्रीड’ विचारलं असतं तरी मी हेच बोलले असते.

शब्दांवरून आठवलं. तूप गावरान हवं, कोंबडी गावरान हवी, अंडी गावरान म्हणून चढ्या भावाने घेतो. हिवाळ्यात भरीत करायचं तर वांगं आपल्याकडचंच हवं, हिरवं-पांढरं, काटक्यांवर भाजलेलं, दुसरं चालत नाही. पण कुत्र्याशी आलो की गावरानचं गावठी होतं. गावठी म्हणजे कट्टा, गावठी म्हणजे दारू आणि गावठी म्हणजे कुत्रं.

लहानपणी आबा मला मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याला न्यायचे. एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. तापीकाठचं धुकं, लिदीचा ओलसर गोड वास, शेकोट्या, आणि पागोटेवाले गंभीर चेहऱ्याने घोड्यांचे ओठ वर करून दात बघताहेत. जातीची परीक्षा मी पहिल्यांदा तिथे पाहिली. मारवाडी की काठेवाडी ते कानांच्या टोकावरून. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. भोवरा भलत्या ठिकाणी असला तर एरवी सुरेख जनावरही कुणी घेत नाही. आबा घोडा कधी घ्यायचे नाहीत, पण प्रत्येकाची चौकशी मात्र पुरी करायचे. मग आम्ही दर्शनाला. दुकानातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे होते. नुकतीच मी जातींची परीक्षा शिकून आलेली, विचारलं, “आबा, हे कोणत्या जातीचे?” आबा म्हणाले, “ते चार वेद आहेत.” मला ते फार पटलं. घरी आल्यावर मळ्यावरच्या वाघ्याला मी चार दिवस ‘सामवेद’ म्हणून हाका मारल्या, मोठी माय ओरडेपर्यंत.

तो वाघ्या. चोपड्याकडच्या आमच्या मळ्यावर विहिरीशेजारी असायचा. त्याची जात कुणी विचारली नाही. ‘मळ्यावरचा’ हीच त्याची ओळख. सालदाराच्या पोरांनी त्याला वाढवला, सालदाराच्याच भाकरीवर तो जगला आणि नावाला आमचा होता. दिवाळीनंतर साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन यायचे. खत मिळावं म्हणून आबा कापसाच्या मोकळ्या झालेल्या वावरात त्यांच्या मेंढ्या बसवायचे, मोबदल्यात धान्य द्यायचे. त्यांच्यासोबत तीन-चार कुत्री असत. लांब पायांची, बरगड्या दिसणारी, मातीच्या रंगाची. रात्री मेंढ्यांच्या वाड्याभोवती ती अशी पडून राहत की अंधारात नुसते डोळे दिसावेत. मी एकदा त्यांतल्या एकीला भाकरीचा तुकडा टाकला. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग वळून मेंढक्याकडे पाहिलं. तो चिलीम भरत होता, त्याचं लक्ष नव्हतं. तुकडा तिच्या पुढच्या पायांमध्ये पडून राहिला, त्यावर मुंग्या आल्या, आणि ती बसूनच होती. मी आठ वर्षांची होते. ते बघून मला का कोण जाणे रडू आलं होतं. त्या कुत्रीला वहीत नंबर देणारा घोडदळातला अधिकारी साक्रीला कधी आला नाही.

माझी भाची पुण्यात प्राणिशास्त्र शिकते. तिला हे कार्डाचं सांगितलं तर पोट धरून हसली आणि मग तिने मला एक शोधनिबंध वाचून दाखवला, २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या स्वभावाबद्दल विचारलं, दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासला. निष्कर्ष असा, की कुत्र्या-कुत्र्यांत स्वभावाचा जो फरक दिसतो त्यातला जातीमुळे समजावता येतो तो फक्त नऊ टक्के. रूप जातीवरून बरंच कळतं, सांगितलेलं ऐकेल का याचा थोडा अंदाज येतो. पण भित्रा की धीट, भांडखोर की प्रेमळ, हे ज्याचं त्याचं. मी आयुष्यभर पेपर तपासत आलेली बाई. म्हटलं, शंभरपैकी नऊ म्हणजे नापास. भाची म्हणाली, “मामी, पण कातडी आणि केस यात जात डिस्टिंक्शनमध्ये आहे.” खरंच आहे. कळणीला उन्हाळा कुणी शिकवला नाही. एप्रिल लागला की ती माठाखालची ओली वाळू पुढच्या पायांनी उकरते, तिच्यात पोट चिकटवून चारी पाय पसरते आणि ४४ अंशांत घोरते. संध्याकाळी उठते तेव्हा पोटाला वाळूची नक्षी असते, आणि ती माझ्या गादीवर येऊन झटकली जाते.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा गेलो, वर्षाच्या इंजेक्शनला. तेच बाकडं, तोच पंखा, कंपाउंडर नवीन. हस्की दिसला नाही. मी दोनदा दाराकडे बघितलं. कळणी आता पिशवीत मावत नाही, १५ किलोंची झाली आहे. कंपाउंडरने कार्ड उघडलं, ‘ज. शे. क्रॉस’ वाचलं, मोडलेल्या कानाकडे पाहिलं. मी धीर करून म्हटलं, “दादा, ते खोडता येईल का? गावठी आहे ती.”

“खाडाखोड चालत नाही ताई. नवीन कार्ड करावं लागेल, जुन्या तारखा पुन्हा लिहाव्या लागतील.” मग सिरिंज भरत म्हणाला, “आणि रेबीजचा डोस सगळ्यांना एकच असतो. एक मिली.”

बाकड्यावर एक म्हातारा मेंढका शेळी घेऊन बसला होता. शेळीचं पोट फुगलं होतं आणि ती दर थोड्या वेळाने कण्हत होती. त्याने आमचं सगळं ऐकलं होतं.

“कोन जातनी म्हने तो, ताई?”

“जर्मन शेफर्ड लिहिलंय, आबा.”

“म्हंजे काय?”

“शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. मेंढ्या राखणारं कुत्रं. तिकडे जर्मनीत.”

तो विचारात पडला. “तठे बी मेंढ्या शेतस?”

“आहेत ना.”

“म्हंजे आमनीच शे मंग,” तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. कळणीने तो हात बराच वेळ हुंगला. त्याला दुधाचा, लोकरीचा, तंबाखूचा वास असणार. तिचं शेपूट हलायला लागलं, म्हाताऱ्याने तिचा उभा कान दोन बोटांत धरून चोळला. तेवढ्यात शेळीने मान लांब करून एक फुर्र सोडला, आणि माझी जर्मन शेफर्ड साखळीसकट बाकड्याखाली घुसून माझ्या पायांमागे थरथरत उभी राहिली.

म्हाताऱ्याने वाकून खाली पाहिलं. शेळीला मागे ओढलं.

“मंग कसानी शेफर्ड!”